कोळी तुम्हाला ओळखतो का?

माझ्या लिहिण्याच्या टेबलावर एक उड्या मारणारा कोळी वावरतो, हे ज्या मोजक्या माणसांना मी सांगितले, त्यांतल्या प्रत्येकाने हाच प्रश्न केला. आता तुम्हीही विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तो मला इतरांपासून वेगळा ओळखतो, असा माझा दावा नाही. तो माझ्याकडे बघतो, एवढे मात्र मी ठामपणे सांगेन. या कुळातल्या कोळ्यांना आठ डोळे असतात आणि त्यांतले समोरचे दोन चांगलेच मोठे असतात. त्यांची भिंगे कवचात पक्की बसलेली असल्यामुळे हलत नाहीत. पण आत, लांबट नळीच्या टोकाशी असलेले दृष्टिपटल स्नायूंच्या साहाय्याने सरकते, आणि त्यामुळे अंग स्थिर ठेवूनही त्याला समोरची वस्तू भागाभागाने न्याहाळता येते. बाजूच्या डोळ्यांना हालचाल जाणवली की तो सबंध वळतो. मी पान उलटले, की नखाएवढा तो जीव गर्रकन माझ्याकडे तोंड करून थबकतो. बोट सावकाश डावीकडे नेले तर तोही तसतसा वळत जातो. तेच झटक्यात पुढे केले, तर पाय आखडून मागे सरतो. माझ्या लेखी ही ओळख पुरेशी आहे.

घरात हे कोणालाही ठाऊक नाही. कोळी म्हटले की हात झाडूकडे जातो, आणि त्या हाताला समजावत बसण्यापेक्षा गप्प राहणे मला त्याच्या दृष्टीने सुरक्षित वाटते. सुदैवाने तो शिकारीसाठी जाळे विणत नाही. मांजरासारखा दबा धरून झेप घेतो, आणि झेपेआधी एक धागा खाली चिकटवून ठेवतो, म्हणजे नेम चुकला तरी तो त्या धाग्याला लोंबकळतो. जळमटेच नसल्यामुळे तो कोणाच्या नजरेत येत नाही.

झोपायला मात्र तो पुस्तकांमागे रेशमाची छोटी पिशवी विणतो. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, अंग अजून अर्धपारदर्शक असलेल्या पिल्लांची दृष्टिपटले झोपेत हलताना टिपली गेली. त्यांना स्वप्ने पडतात, असे एवढ्यावरून सिद्ध होत नाही. तरीही ते वाचल्यापासून मी रात्री त्या फळीवर दिव्याचा उजेड पडू देत नाही. कात टाकायची वेळ आली की तो त्याच पिशवीत काही दिवस उपाशी बसून राहतो, आणि तेव्हा तिला धक्का लागणे त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ती फळी पुसण्याचे काम मी माझ्याकडेच ठेवले आहे.