झॉम्बी बदली की पर्मनंट?

झॉम्बीच्या सिनेमापेक्षा त्याबद्दलची लोकांची मतं ऐकण्यात मला जास्त मजा येते. भुताच्या सिनेमाबद्दलचं मत साधं असतं, भीती वाटली किंवा नाही वाटली. झॉम्बीचं तसं नाही. झॉम्बी कसा असावा याचे नियम प्रत्येकाला पाठ असतात, आणि ते मोडले की माणसं अशी बिथरतात, जणू कुणी त्यांच्या आईच्या पुरणपोळीत गुळाऐवजी साखर घातली. तो रखडत चालणारा की धावणारा, एवढ्यावरून मी चांगल्या शहाण्या लोकांना हमरीतुमरीवर आलेलं पाहिलं आहे.

आमच्याकडे अलीकडे 'झॉम्बिलेनियम'वरून असंच झालं. हा २०१७ सालचा फ्रेंच ॲनिमेशनपट. आर्थर द पँ या चित्रकाराची याच नावाची कॉमिक मालिका आहे. २००९पासून ती 'स्पिरू' या बेल्जियन साप्ताहिकातून येऊ लागली, पुढे तिची पुस्तकं झाली. सिनेमाही त्यानंच केला, आलेक्सी द्युकोर या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या जोडीनं. त्या वर्षी कान महोत्सवात त्याचा खास खेळ झाला होता. म्हणजे 'पुस्तकाचं वाटोळं केलं' ही तक्रार करायची तर ती थेट लेखकाकडेच करावी लागते. तरीही ती होतेच.

गोष्ट अशी, की उत्तर फ्रान्समधल्या जुन्या कोळसाखाणींच्या मुलखात एक भुताटकीचा पार्क आहे. तिकीट काढून येणाऱ्यांना वाटतं, सगळा मेकअप आणि मुखवटे. प्रत्यक्षात स्टाफ अस्सल आहे. झॉम्बी आहेत, व्हॅम्पायर आहेत, वेअरवुल्फ आहे, ममी आहे, एक सांगाडा आहे आणि एक चेटकीण आहे. ती बिचारी इंटर्न. मॅनेजर व्हॅम्पायर, आणि खरा मालक सैतान. तो खाली नरकात बसून नफ्याचे आकडे मागतो. हेक्टर नावाचा सुरक्षा इन्स्पेक्टर तपासणीला येतो, पार्कला टाळं ठोकायच्या तयारीनं, आणि त्याला आतलं गुपित कळतं. आता त्याला बाहेर सोडणार कसं? म्हणून त्याला मारून कामावर ठेवून घेतात. करार अनंतकाळाचा. राजीनामा नाही, रिटायरमेंट नाही. आणि बाहेर त्याची आई नसलेली लहानगी मुलगी, ल्यूसी.

माझा एक मित्र कॉमिकवेडा आहे. त्यानं पुस्तकं आधीच वाचली होती, त्यामुळे त्याचं तोंड पहिल्या पाच मिनिटांतच वाकडं झालं. मूळ मालिकेचा नायक हेक्टर नव्हेच. तो ओरेलियाँ नावाचा, बायकोनं फसवल्यावर बंदूक घेऊन बार लुटायला निघालेला एक रडवेला तरुण. तो जाऊन हा बाप आला. "मुलगी आणली की खेळ खलास. शेवटी मिठी मारणार हे तिकिटावरच छापून टाका," असं तो म्हणाला. दुसरी तक्रार चित्रांची. पुस्तकात द पँ कॉम्प्युटरवर सपाट रंगांचे आकार एकमेकांवर ठेवून चित्र काढतो, कडेची काळी रेघच नसते. ते सपाटपण, ती नेमकी कोनदार माणसं पडद्यावर गोल गरगरीत झाली.

चित्रांच्या बाबतीत तो बरोबर आहे. पुस्तकाचं एखादं पान आणि सिनेमातली एखादी चौकट शेजारी ठेवली, तर मी पान घेईन. मुलीच्या बाबतीत मात्र मला त्याचं पटलं नाही. ओरेलियाँच्या मागं-पुढं कुणी नाही. त्याला अनंतकाळाची नोकरी लागली तर तो विनोदच होतो, आणि पुस्तकात तो झकास होतो. पण दारात मुलगी उभी असली की त्या कराराची किंमत कळते. कामावरून घरी न पोहोचणारा बाप ही कल्पना समजायला कुणाला कॉमिक वाचायची गरज नाही.

भयपटवाल्या मंडळींचं मत एका वाक्यात आटोपलं: "हे कसले झॉम्बी, चावतसुद्धा नाहीत." ना रक्त, ना आतडी, ना मेंदू खाणं. उलट वेळेवर ड्यूटीला येतात, मीटिंगमध्ये मान हलवतात. पब्लिकला तर व्हॅम्पायर हवेत. त्यातला एक देखणा स्टीव्हन येता-जाता केस सावरतो आणि मुली त्याच्यासाठी रांगा लावतात. झॉम्बींना कुणी विचारत नाही, त्यांची रवानगी खाली नरकात करावी असा घाट घातला जातो.

आणि मग बाबा. बाबांना झॉम्बी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. ते परळच्या एका गिरणीत टाइमकीपर होते. नातीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, हट्टानं शेजारी बसवलं म्हणून बसले. ती सबटायटल वाचून मराठीत सांगत होती आणि मधूनमधून स्वतःचंही काही घालत होती. थोडा वेळ त्यांनी मुकाट्यानं पाहिलं. मग विचारलं, "ही जी खाली राबतायत ती बदली आहेत का पर्मनंट?"

गिरणीतला बदली कामगार ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बदलीवाला पाळीच्या आधी गेटवर येऊन उभा राहायचा. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर त्याच्या जागी याला आत घ्यायचे, नाही तर परत. अशी माणसं वर्षानुवर्षं गेटवर उभी असायची. त्यांना पर्मनंट होणं म्हणजे मोक्ष. भाचीनं आजोबांना सांगितलं की आजोबा, हे कायमचेच आहेत, मेल्यावरही. बाबा म्हणाले, "मग बरं आहे की." त्यानंतर सांगाडा युनियनचं बोलायला लागला तेव्हा ते पुढे सरकून बसले. "मान्यताप्राप्त आहे का पण?" गिरण्यांत कायद्यानं एकाच युनियनला मान्यता असायची.

हा प्रश्न ऐकून आम्ही हसलो. सगळ्यांत नेमकं मत मात्र त्यांचंच होतं असं मला वाटतं, आणि त्याला कारण आहे. झॉम्बी चावायला फार उशिरा लागला. तो मुळात कामगार.

हैती हा देश सँ-दोमँग या नावानं फ्रान्सची वसाहत होता तेव्हा तिथं उसाचे मळे होते आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम त्यांत राबत. मेल्यावर आपण आपल्या मुलखात परत जाऊ, एवढाच त्यांना आधार. त्यामुळे भीती मरणाची नव्हती. मेल्यावरही कुणी आपल्याला उठवून पुन्हा मळ्यावर जुंपेल, ही भीती होती. १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला, गुलामी गेली, भीती राहिली. पुढे अमेरिकेनं तो देश ताब्यात ठेवला, त्या काळात विल्यम सीब्रुक नावाचा एक भटका लेखक तिथं गेला आणि १९२९ मध्ये त्यानं तिथल्या ऐकीव गोष्टी छापल्या. त्यातली एक अशी, की एक मुकादम मेलेल्या माणसांची टोळी घेऊन साखर कंपनीच्या उसात काम करायला येतो. ती दिवसभर ऊस तोडतात, बोलत नाहीत, दमत नाहीत, आणि आठवड्याचा पगार मुकादम खिशात घालतो. पथ्य एकच, त्यांना मीठ द्यायचं नाही. एकदा चुकून खारे दाणे घातलेली मिठाई त्यांच्या पोटात जाते, त्यांना आपण मेलो आहोत हे उमगतं, आणि ती सगळी आपल्या डोंगरातल्या गावाकडे, आपापल्या थडग्यांकडे चालू लागतात. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे मालकाशी इमान राखायचं. तिथं मीठ खाल्लं की मालकाला सोडून निघायचं.

माणसं खाणारा झॉम्बी आला तो जॉर्ज रोमेरोच्या १९६८च्या अमेरिकन सिनेमातून, आणि त्या अख्ख्या सिनेमात झॉम्बी हा शब्द कुणी उच्चारतही नाही. म्हणजे 'चावत नाहीत' म्हणून नाक मुरडणाऱ्यांचा अस्सल झॉम्बी तसा पोरसवदाच. ज्याला पगार नाही, रजा नाही आणि जो मुकादमापुढे मान वर करत नाही, तो खरा जुना. फ्रेंच मळ्यांवरच्या भीतीतून निघालेलं हे भूत दोनशेहून जास्त वर्षांनी फ्रान्समध्येच युनियनच्या मीटिंगला बसलं, हे मला त्या सिनेमातल्या कुठल्याही विनोदापेक्षा मजेशीर वाटतं.

आपल्याकडे झॉम्बी नीट रुजला नाही, त्याचं सोपं कारण म्हणजे आपल्यातले बरेचसे मेल्यावर जळून जातात, उठणार कोण? २०२२ मध्ये मराठीत 'झोंबिवली' आला तेव्हा म्हणूनच डोंबिवलीत माणसं जिवंतपणीच झॉम्बी झाली, आणि तिथंही मामला टॉवर विरुद्ध झोपडपट्टीचा होता. बाकी आपल्या भुतांचं दुखणं वेगळं, त्यांची जात मेल्यावरही सुटत नाही. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुंजा पिंपळावर, ब्रह्मसमंधाचा मान वेगळा, खवीस परका म्हणून जास्त वाईट, बाळंतपणात गेलेली हडळ, आणि सगळ्यांच्या वर वेताळ, त्याची रात्री मशाली घेऊन फेरी निघते. व्हॅम्पायर वर आणि झॉम्बी खाली ही पार्कमधली उतरंड त्यामुळे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावी लागली नाही. राबवायच्या भुताचीही आपल्याकडे सोय आहे. कोकणात बायंगी विकत आणतात असं म्हणतात, मालकाची भरभराट करून देणारं भूत. पण बायंगीनं कधी बोनस मागितल्याचं ऐकलं नाही.

आणखी एक गोष्ट हा सिनेमा कुठंही बोलून दाखवत नाही, पण त्या जमिनीत ती आहे. त्याच खाणपट्ट्यात, कुरिएरच्या खाणीत, १० मार्च १९०६ रोजी स्फोट झाला. १,०९९ माणसं गेली. शोध लवकर थांबवला म्हणून खाणकामगार संपावर गेले. आणि वीस दिवसांनी, ३० मार्चला, तेरा जण अंधारातून वाट काढत स्वतःच्या पायांनी वर आले. पुढं आणखी एक सापडला. ज्यांच्या नावानं घरात काळे कपडे घातले गेले ती माणसं काळ्याठिक्कर चेहऱ्यानं, डोळे मिचकावत उभी. त्या मुलखात जमिनीखालून मेलेले वर येण्याची गोष्ट सांगायला वेगळी कल्पनाशक्ती लागली नसावी. तिथली शेवटची खाण १९९०मध्ये बंद पडली. दगडमातीचे काळे ढिगारे उरले, त्यांच्यासकट अख्खा पट्टा २०१२मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. काम गेलं आणि बघायला येणारे आले. कॉमिकमध्ये आसपासचे बेकार गावकरी या पार्कवर खार खाऊन असतात, कारण नोकऱ्या आहेत त्या मेलेल्यांनाच.

हे ऐकल्यावर बाबांनी फक्त फिनिक्सचं नाव घेतलं. लोअर परळची ती गिरणी आज मॉल आहे, चिमणी शाबूत ठेवलीय. तिथं एकदा आम्ही त्यांना कॉफी प्यायला नेलं होतं. त्यांनी कॉफी प्यायली नाही, कुठल्या खात्याच्या जागी कुठलं दुकान आलं ते मोजत बसले.

सिनेमाच्या शेवटावर मात्र घरात मोठ्यांची चक्क एकी झाली, म्हणजे एकी नापसंतीवर. भुतं एक होतात, मोठ्ठा जल्लोष, धडाकेबाज रॉक गाणं, आणि सगळं मार्गी लागतं. मित्र म्हणाला, हे पुस्तकात असतं तर पुस्तक फेकलं असतं. मलाही वाटलं की सैतानासारखा मालक एवढ्यात वरमत नाही. इतका वेळ नफ्याबद्दल इतकं खरं बोलणाऱ्या सिनेमानं शेवटी हात आखडता घेतला. फक्त भाचीला तो प्रसंग आवडला होता, तिनं गाणं पुन्हा लावलं. बाबा बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "गाणं चांगलंय. पण गाणी आमच्याकडं काय कमी होती का? अण्णाभाऊ, अमर शेख. गिरणगाव गाण्यात कधी कमी पडलं नाही."

"मग तुम्ही हरलात कसे, आजोबा?"

बाबांनी टीव्ही बंद करायला लावला आणि एक्क्याऐंशीच्या दिवाळीच्या बोनसपासून सुरुवात केली. अठरा जानेवारी ब्याऐंशीपर्यंत, म्हणजे संप सुरू होईपर्यंतच, दहा वाजले. संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत, अडीच लाख कामगार, एकाच युनियनला मान्यता देणारा तो कायदा, सगळं अजून यायचं होतं. भाचीनं तेवढ्यात दोनदा विचारून घेतलं की यात झॉम्बी कधी येणार, आणि बाबा दोन्ही वेळा म्हणाले, "थांब, येतोय."