प्रेशर होतं, पाणी नव्हतं

दर्यापूरकडच्या एका खेड्यातून काकांचा फोन आला तेव्हा गुन्हेगार आधीच ठरलेला होता. "माह्या नळाले पाणी नाई बाप्पा. लहान्यानं मोटर लावली, सारं वढून घेते." मी जाऊन भावाची मोटर पकडायची, एवढंच त्यांना हवं होतं. पाईपचा विषयच नव्हता.

नळफिटरला असली भांडणं नवी नाहीत. वाटणी होते, अंगणात भिंत उभी राहते, पण नळ एकच राहतो. इथंही आईच्या नावावरचं जुनं कनेक्शन होतं. गल्लीतल्या लाइनवरून अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी पाईप अंगणात आलेला, तिथं टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, एक फाटा मोठ्याकडे आणि एक लहान्याकडे. पाणी दिवसाआड, सकाळी तासभर. याआधी कोणी फिटर येऊन तोट्या बदलून, पैसे घेऊन गेला होता.

माझ्या थैलीत पाण्याचा दाब मोजणारा प्रेशर गेज असतो. आमच्यातले बरेच जण तो ठेवत नाहीत. तोटी उघडली, धारेखाली हात धरला, "प्रेशर कमी आहे" म्हटलं की झालं, आणि मग तेच मोटर आणून देतात. गेज खरं सांगायला हवा तर दोन्हीकडचे नळ बंद पाहिजेत. म्हणून भिंतीपलीकडे जाणं आलं. लहान्या काकांनी मोटरचं बटण बंद केलं आणि मला ऐकवलं, "त्याईले सांगा, मलेच पाणी येत नोतं म्हून लावली मोटर. हौस नोती मले."

मोठ्या काकांच्या तोटीमागे गेज बसवला. सगळं बंद असताना काटा पाऊण किलोवर. गावची टाकी बारा मीटर उंच आहे, दहा मीटर उंचीला साधारण एक किलो, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाब धरतात. म्हणजे सप्लाय चालू असताना पाऊण किलो चांगलाच. तोटी उघडली आणि काटा शून्यावर येऊन पडला. काकांना वाटलं गेज बिघडला. मला उत्तर तिथंच मिळालं होतं: थांबलेल्या पाण्याला अडथळा कळत नाही, पळणाऱ्याला कळतो. लाइनीत पाणी आहे, मधे पाईप बुजलाय.

पंधरा लिटरची बादली भरायला सहा मिनिटं लागली, तीही मोटर बंद असताना. या हिशेबानं तासाभरात दीडशे लिटर. २०१९ साली आलेल्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटरचं माप धरलंय. घरात पाच माणसं आणि पाणी दिवसाआड, म्हणजे एका खेपेला साडेपाचशे लिटर पाहिजेत. लहान्यानं मोटर चालू केली की तेवढंही यायचं नाही, हे काकांचं खरंच होतं. आणि मोटरशिवाय लहान्याला काही मिळत नव्हतं, हेही खरं. वर अशी मोटर बुजलेल्या पाईपला जोडली की आतलं प्रेशर उलटं होतं आणि गळक्या जॉइंटमधून माती, नालीचं पाणी आत ओढलं जातं. दोन्ही घरची लेकरं तेच पीत होती.

ग्रामपंचायतीत सांगून, गावचं पाणी सोडणाऱ्या वॉलमनकडून गल्लीची लाइन बंद करवून खोदलं. सॅडल, म्हणजे गल्लीच्या लाइनवरून नळ घेतात तो पट्टा, नालीच्या अलीकडे होतं म्हणून सिमेंटचा रस्ता वाचला. रस्ता करणारे खाली कोणाचा पाईप आहे हे कधी बघत नाहीत, वरून काँक्रीट ओततात आणि बिल काढतात.

हा भाग पूर्णेच्या खोऱ्यातला, खारपाणपट्टा. माती काळी आणि खारट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाईपचे जॉइंट ओढले जातात. जीआयवर जस्ताचा थर असतो, पण आटे पाडताना नेमका तिथलाच थर निघतो, म्हणून सडणं आट्यापासून सुरू होतं. पाना लावताच दोन पाईप जोडणारं सॉकेट पाईपसकट तुटून हातात आलं. आत गंजाच्या गाठी, आणि मधे जेमतेम पेन्सिल जाईल एवढं भोक. पाईपचा व्यास निम्मा झाला की पाणी निम्मं होत नाही, पाचव्या हिश्शाच्याही खाली जातं. लोक म्हणतात हातोडीनं ठोका, मोकळा होईल. ठोकल्यावर सुटलेला गंज पुढच्या एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात जाऊन बसतो.

तो तुकडा मी काकांसमोर धरला. त्यांनी बघितला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, "असंन. पण मोटर तं लावतेच न तो."

पुढं म्हणाले, नवा पाईप सरळ माझ्याकडे आणा, टी नको. पैसे ते देत होते. पण सॅडल एकच, टी नसला की लहान्याचं पाणी पूर्ण बंद. त्याला वेगळं कनेक्शन मिळेपर्यंत त्यानं काय करायचं? मी सांगितलं, टी नसेल तर दुसरा फिटर बघा. काका काही बोलेनात. आतून काकू आल्या: "टी बसवा भाऊ. सासूबाईनं घेतला होता नळ, दोघायसाठी." काका उठून वावरात निघून गेले.

निळा एमडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा पाईप टाकला, वीस एमएमचा. सॅडलपासून टीपर्यंत अखंड, मधे जॉइंट नाही. खाली-वर रेती. हा पाईप लवचीक असतो, जमीन हलली तरी ओढ सहन करतो. टीनंतर दोन्ही फाट्यांना वेगळे व्हॉल्व्ह. पुढच्या पाण्याला तीच बादली मिनिटभरात भरली. भिंतीपलीकडेही मोटरशिवाय धार लागली. दोघांपैकी कोणी एकमेकांना हाक मारली नाही.

लहान्या काकांना बजावून आलो, आता मोटर काढा. आधी बुजलेला पाईपच तिला आवर घालत होता. आता पाईप मोकळा आहे, मोटर चालली तर शेवटच्या घरांचं पाणी जाईल. "काढतो," म्हणाले.

परवा वॉलमनचा फोन होता. गल्लीच्या टोकाच्या घरी धार बारीक झालीय, तुम्ही तिथं काय केलं म्हणून विचारत होता. दोन मोकळ्या नळांनीही तेवढा फरक पडू शकतो, नाहीतर मोटर अजून तिथंच आहे. लहान्या काकांना फोन लावला, त्यांच्या बायकोनं उचलला. "थे वावरात गेले भाऊ. मोटर? पायते मी, सांगते त्याईले फोन कराले." अजून आलेला नाही. पाण्याच्या वेळेला गेज घेऊन जाणं आलं, आधी टोकाच्या घरी.