अर्ध्या मिलिमीटरचं तोंड

लाकडी रंधा बनवायचा संच म्हणून जे खोकं आलं, त्यात रंधा सोडून सगळं होतं. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचा ठोकळा ४५ अंशांच्या उतारावर कापून केलेले त्याचे दोन भाग, दोन बाजूंना लावायच्या फळ्या, जाड पातं, पात्याच्या पाठीला स्क्रूने बसणारी दुसरी पत्ती, एक आडवी दांडी आणि पाचर तासून काढायला एक तुकडा. सोबतच्या कागदावर ‘एका दुपारचं काम’ असं म्हटलं होतं. कोणाच्या दुपारचं, ते लिहिलं नव्हतं.

रंधा असा तुकडे चिकटवून करायची रीत जेम्स क्रेनॉव्ह (१९२०–२००९) या फर्निचर कारागिराने लोकप्रिय केली. एरवी अखंड ठोकळा वरून पटाशीने पोखरत तळापर्यंत जायचं आणि तिथे नेमकं पोचायचं. मला ते या जन्मी जमलं नसतं. इथे पात्याची बैठक उघड्यावर घासून सपाट करता येते, बाजू मागाहून चिकटतात. पातं धरायची युक्ती मात्र फार जुनी. आडव्या दांडीखाली पाचर ठोकायची, एवढंच. रोमन लोकांचे रंधेही असेच असत.

चिकटवणं झालं, पाचर बसली, आणि खरं काम आता सुरू होतंय हे कळलं. ते काम म्हणजे तोंड. रंध्याच्या तळाला जी आडवी फट असते, जिच्यातून पात्याची धार बाहेर डोकावते, ती. शेवटचा हात फिरवायच्या रंध्याला ही फट अर्ध्या मिलिमीटरहून कमीच हवी. कारण पातं लाकूड नुसतं कापत नाही, उचलतंही. फटीची पुढची कड धारेच्या अगदी पुढ्यात लाकूड दाबून धरते, म्हणून तंतू मुळापासून उचकटत नाहीत. फट मोठी झाली की दाबणारं कोणी उरत नाही, आणि लाकूड ओरबाडल्यासारखं निघतं.

म्हणून चिकटवताना तोंड मुद्दाम बंदच ठेवायचं. मग काचेवर सँडपेपर पसरायचा, तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा मारायच्या आणि त्या पुसल्या जाईपर्यंत घासायचं. तळ झिजतो तसं तोंड आपसूक उघडत जातं. यातली एक गोष्ट मला फार आवडली: घासताना पातं वर सरकवून ठेवायचं, पण पाचर ठोकलेलीच हवी. पाचरेच्या ताणाने सबंध रंधा केसभर वाकतो. ढिला असताना सपाट केलेला तळ कामाच्या वेळी सपाट राहत नाही. माणसांचंही... जाऊ द्या.

धार बाहेर यायला जरासंच अंतर उरलं आणि मी कानस घेतली. दोनदा फिरवायची होती, पाचदा फिरवली. फट झाली दीड मिलिमीटर. लाकूड काढायचं हत्यार करताना काढलेलं लाकूड परत लावायची वेळ आली. तोंडापुढे तळात चौकोनी खाच घेऊन तिच्यात शिसवीचं ठिगळ बसवलं आणि यावेळी सँडपेपरवर मोजून घासलं. चांगल्या जुन्या रंध्यांनाही झिजलेलं तोंड असंच ठिगळ लावून अरुंद करत. माझं न झिजताच लागलं.

मग हातोडीचा खेळ. पात्याच्या डोक्यावर टिचकी मारली की धार पुढे, रंध्याच्या ढुंगणावर मारली की मागे. या टिचक्या मोजून नाही, आवाजावरून मारायच्या असतात. पहिली साल जाड निघाली, मग भुसा निघाला, मग काहीच निघेना. आणि मग अचानक ‘स्स्स’ असा लांब आवाज आला, आणि तोंडातून अखंड सालपट वर येऊन बोटांवर गुंडाळलं गेलं. त्याच्यातून बोटाच्या रेषा दिसत होत्या.

चाचणीची फळी पात्याएवढीच रुंद, २० मिलिमीटर जाडीची होती. पाहुणे आले, त्यांना दाखवलं. शेजारचं पोर आलं, त्याला दाखवलं. रात्री कोणी नव्हतं तेव्हा स्वतःलाच दाखवलं. आज मोजली तर फळी १३ भरली. तिचं काय करायचं होतं ते मी अजून ठरवलेलं नाही.