एका रकान्यात अडकलेलं वर्ष

सुरमईच्या कल्ल्यावरचा परजीवी ओळखायला मला तीन आठवडे लागले. तो कुठल्या समुद्रातला, हे एका फॉर्मच्या एका रकान्यात मान्य करून घ्यायला वर्षाहून जास्त काळ गेला. या वाटेने येणाऱ्यांनी मासा चिरायच्या आधी तो रकाना वाचावा, म्हणून हे लिहितेय.

मी खानापूरची. संशोधनाचा विषय समुद्री माशांवर जगणारे कोपेपॉड, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या नात्यातले अगदी बारीक प्राणी. समुद्र घाटाखाली, पण बेळगावात कॅम्पातल्या मासळी बाजारात सगळं मिळतं. ‘काय शोधालीस गे पोरी त्यात?’ मासे विकणाऱ्या मावशींनी पहिल्या दिवशी विचारलं. पुढे त्या स्वतःच सुरमईची डोकी आणि कल्ले माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या.

ओळखीचं काम अवघड असतं असं सगळे घाबरवतात. मला त्यातच खरा आनंद मिळाला. कल्ल्यात मिळालेला पहिला नमुना दोऱ्यासारखा लांबट होता. मला तो कृमीच वाटला. प्राण्या-वनस्पतींचं वर्गीकरण रचणाऱ्या लिनिअसनेही लर्निआ या कोपेपॉडला कृमींतच घातलं होतं. परजीवी माद्यांचे पाय झिजतात, शरीर ताणलं जातं, मूळ रूप ओळखूच येत नाही. नॉर्डमन या प्राणिशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये अंड्यातून निघालेल्या पिल्लांची रूपं दाखवली, तेव्हा यांचं कवचधारी कूळ पक्कं झालं. माझा दोरा स्यूडोसिक्नॉइडिस आर्माटस निघाला. त्याचं वर्णन बॅसेट-स्मिथ या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने १८९८ मध्ये केलेलं आहे.

माशाच्या तोंडात सापडलेले चपटे नमुने मात्र कॅलिगसचे. कपाळपट्टीच्या खालच्या बाजूला दोन अर्धचंद्राकार चूषक दिसले तर कॅलिगस. बाकी सगळं तसंच आणि चूषक नाहीत, तर बहुधा लेपिओफ्थिरस. कॅलिगसच्या जाती अडीचशेच्या वर आहेत, म्हणून पुढे चौथ्या पायावरचे काटे मोजायचे आणि छातीवरचा दुबेळका काटा पाहायचा. अंड्यांच्या माळा असलेली पूर्ण वाढलेली मादी हातात असल्याशिवाय जातीचं नाव लिहू नका. नर वेगळे दिसतात, पिल्लं तर फारच वेगळी. एन. कृष्ण पिल्लै यांचा १९८५ चा झूलॉजिकल सर्व्हेचा जाडजूड ग्रंथ जवळ ठेवा. जुन्या पुस्तकांत पोइसिलोस्टोमॅटॉइडा हा स्वतंत्र गण दिसेल. आता ती कुळं सायक्लोपॉइडा या गणात धरतात. माझे हे दोन्ही सायफोनोस्टोमॅटॉइडा या वेगळ्याच गणातले, त्यामुळे मला तो घोळ आडवा आला नाही.

नमुने संग्रहालयात जमा करून नोंदणी क्रमांक घ्यायचा असतो. क्रमांक नसेल तर उद्या कुणाला शंका आली तर तो काय तपासणार? मी ऑक्टोबरमध्ये फॉर्म भरला. ‘संकलनाचे ठिकाण’ या रकान्यात खरं तेच लिहिलं: मासळी बाजार, बेळगाव.

डिसेंबरात फॉर्म परत. शेरा एकच शब्दाचा: ‘अपूर्ण’. काय अपूर्ण, ते नाही. मी जिल्हा, राज्य, पिनकोड घातला. फेब्रुवारीत पुन्हा ‘अपूर्ण’. फोन केला, तर ‘सूचना वाचा’ एवढंच उत्तर. सूचनांत त्या रकान्याबद्दल अक्षर नव्हतं. मग मी बाजारात टेम्पोवाल्यांना गाठलं. मासळी मालवणची, वेंगुर्ल्याची, गोव्याची, कारवारची. बर्फात एकत्र आलेली. कुठली सुरमई कुठल्या बंदराची, हे मावशींनाही सांगता येईना. मी चारही नावं लिहिली. मे महिन्यात तिसऱ्यांदा फॉर्म परत आला, आणि या वेळी कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘बेळगावला समुद्र नाही.’

त्या रात्री मी रडले. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर आहे, हे मला कुणी सांगायला हवं होतं का? पण चार दिवसांनी राग ओसरल्यावर कळलं की हरकत बरोबर आहे, आणि ती रकान्यापेक्षा मोठी आहे. कॅलिगस चिकटून बसत नाही, सरकतो. मासा मेला की सुटतो आणि त्याच खोक्यातल्या दुसऱ्या माशावर जातो. म्हणजे माझ्या बाजारातल्या कॅलिगसचं ठिकाणच नाही, तर यजमानही, म्हणजे तो ज्या माशावर जगत होता तो मासाही, खात्रीचा नव्हता. हे दोन वाक्यांत डिसेंबरातच कळवलं असतं तर माझे पाच महिने वाचले असते. याबद्दल मला आजही राग आहे.

कारवारला जायचं ठरवलं, तर समोर जून. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै बंदी. दोन महिने मी चित्रं पक्की केली.

ऑगस्टमध्ये बैतखोल बंदरावर गेले. तिथे सुरमईला इसवण म्हणतात, हे आधी माहीत असू द्या. तांडेलांनी, म्हणजे बोटींच्या प्रमुखांनी, जाळं कुठे टाकलं ते त्यांच्या यंत्रावर दाखवलं, पाणी किती वाव खोल ते सांगितलं. मी प्रत्येक मासा बोटीवरून उतरताच वेगळ्या पिशवीत घेतला. तीन रविवार गेले, अकरा माद्या मिळाल्या. कारवारातच कोडीबागेत कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग आहे. तुम्ही सुरुवातच तिथे विचारून करा.

राहिलेलं सांगते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाका, पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. ७० टक्के इथेनॉल वापरा. फॉर्मालिनमध्ये ठेवलात तर पुढे डीएनएची आशा सोडा. नमुना लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवला की पारदर्शक होतो. भोक पाडलेल्या लाकडी पट्टीवर थेंब लोंबता ठेवून पाहायची हम्स आणि गुडिंग यांची १९६४ ची पद्धत आहे. ती पट्टी मी खानापुरातल्या सुतारकाकांकडून करून घेतली. नमुना दोन्ही बाजूंनी उलटून पाहता येतो, काच चेपत नाही.

नोव्हेंबरमध्ये क्रमांक आला. बैतखोलच्या चिठ्ठ्यांवर तो मी स्वतः लिहिला. बाजारातल्या बाटल्याही टाकल्या नाहीत. कल्ल्यात घट्ट रुतलेल्या नमुन्यांचा यजमान खात्रीचा असतो, म्हणून त्या वेगळ्या ठेवल्यात. त्यांच्या चिठ्ठीवर आहे: यजमान सुरमई, बाजार बेळगाव, समुद्र माहीत नाही.