पुढील आदेश होईपर्यंत

पावसाळ्यात आमच्या सांगलीत माणूस भेटला की आधी विचारतो, "आयर्विनला किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्या पुलापाशी ५७ फूट ६ इंच पाणी चढलं. फूटपट्टी घेऊन वाढलेली माणसं आम्ही, पण त्या आकड्याला आमच्याकडं अंदाजच नव्हता.

माझा धंदा भाड्याचा. एक ४०७ टेम्पो, हळद आणि बेदाणा. पाणी गावात शिरलं तेव्हा सकाळपासून माझ्या तीन खेपा झाल्या होत्या, सगळ्या फुकट. म्हाताऱ्या, गाद्या, एक शिलाई मशीन, पोत्यात घातलेली मांजर, सगळं विश्रामबागेकडं उंचावर नेऊन सोडत होतो. चौथ्या खेपेला चौकात गाडी अडवली. एक कागद हातात दिला: वाहन अधिग्रहित करण्यात येत आहे. छापील मजकुरात गाडीचा नंबर पेनानं भरलेला. मुदतीच्या जागी लिहिलं होतं, 'पुढील आदेश होईपर्यंत'.

मागितली असती तर दिलीच असती की. लोकांसाठीच चालवत होतो. पण कागद झाला आणि गाडी एका कचेरीच्या आवारात उभी राहिली. दुपार, संध्याकाळ, सगळी रात्र. माझ्यासारखे आणखी सात-आठ ड्रायव्हर. साहेब बैठकीला, दुसरे साहेब पाहणीला. माझा फोन मात्र वाजत होता: "दादा, पाणी जिन्यापर्यंत आलंय, कधी येताय?" त्या बाईला मी काय सांगायचं? की मी सरकारी कामावर आहे आणि काम अजून मिळालेलं नाही? चार्जिंग संपलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाण्याचे बॉक्स वाहायला लावले. पुढचे सहा दिवस चांगलं काम झालं, तेही सांगायला हवं. भाडं मिळालं दीड वर्षानं, डिझेल सोडून. लॉगबुकावर एक सही राहिली होती म्हणे.

तिकडं नदीकाठच्या गावात माझ्या मामानं गुऱ्हाळातली काहिल, म्हणजे गूळ आटवायची मोठी कढई, पाण्यात सोडली होती. आमच्या भागात हे नवं नाही. गुळाची काहिल, कडेनं हवा भरलेल्या ट्यूबा बांधायच्या, वल्ह्याला फळी. एका खेपेला चार माणसं, पाचवा ओरडला तरी घ्यायचा नाही. दोन दिवसांत मामानं अख्खी गल्ली काढली. तिसऱ्या दिवशी एका पोलिसानं त्याला सांगितलं, बंद कर, नाहीतर कलम लावतो. मामा चिडला. मीही चिडलो. पण ८ ऑगस्टला ब्रह्मनाळला जादा माणसं भरलेली होडी उलटली, एका फेरीत किती जीव गेले. त्यानंतर 'अडवणारा चुकलाच' असं माझ्या तोंडून निघत नाही. कुणीतरी माणसं मोजायला पाहिजे, जॅकेट बघायला पाहिजे. तो पोलीस मात्र मोजायला आलाच नव्हता. तो बंद करायला आला होता.

पाणी उतरल्यावर मी आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ मिळवून वाचला. (बायको म्हणाली, आधी घरातला गाळ काढा.) कलम ६५: लेखी आदेशानं गाडी, जागा, सामान ताब्यात घेता येतं. त्यातच पुढं लिहिलंय की गरज असेल तेवढ्याच काळापुरतं. गरज संपली हे ठरवायचं कुणी? ज्यानं गाडी घेतली त्यानंच. कलम ६६ भरपाईचं, रक्कम पटली नाही तर सरकारकडं लवाद मागायचा. कलम ५१: आदेश न ऐकल्यास एक वर्षापर्यंत कैद, त्यामुळं जीव गेले तर दोन. आणि कलम ७१: कोर्टात जायचं तर फक्त हायकोर्टात किंवा सुप्रीम कोर्टात. टेम्पोच्या एका कागदासाठी मुंबईचं हायकोर्ट! आता २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालंय, तेवढी एसटी स्वस्त पडेल.

इंदिराबाईंच्या आणीबाणीनंतर १९७८ मध्ये ४४ वी घटनादुरुस्ती झाली. आणीबाणी जाहीर केली तर महिन्याच्या आत दोन्ही सभागृहांची दोन-तृतीयांश मतांनी मंजुरी, मग दर सहा महिन्यांनी पुन्हा. म्हणजे देशाला लावलेल्या कुलपाला तारीख आहे. आपत्तीच्या कायद्यातल्या आदेशांना असली तारीखच नाही. मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी केंद्रानं त्याखाली आदेश काढले, ते संपले ३१ मार्च २०२२ ला. दोन वर्षं, आणि संसदेची मंजुरी लागायचं कारणच नव्हतं. जोडीला राज्यांनी काढला होता १८९७ चा साथरोग कायदा, प्लेगच्या वेळचा. तो लागला तेव्हा पुण्यात घराघरांत गोरे सोल्जर शिरले, त्याचं पुढं काय झालं ते शाळेत शिकलोय. तरी तो कायदा सव्वाशे वर्षं कपाटात जपून ठेवला.

सरकारला अधिकार नको असं मी म्हणत नाही. पाणी चढताना मतदान घेत बसता येत नाही. पण कागदावर तारीख घाला. सात दिवस म्हणा, पुढं लागली तर कारण लिहून वाढवा. पावती जागेवर द्या. आणि कुणाकडं होडी आहे, कुणाकडं टेम्पो, कोण पट्टीचा पोहणारा, ही यादी मे महिन्यात करा, चौकात कॉलर धरून नको.

२०२१ ला पुन्हा पाणी ५४ च्या वर गेलं. पुन्हा कागद आला, पुन्हा तेच तीन शब्द. मी पेन पुढं केलं, म्हटलं तारीख टाका. तो पोरगा गोंधळला, वर विचारून आला आणि 'पाच दिवस' लिहिलं. पाचव्या दिवशी गाडी घरी.

यंदा मे महिन्यात मामाला घेऊन त्याच्या गावच्या पंचायतीत गेलो. म्हटलं, एक काहिल, चार ट्यूबा, एक टेम्पो आणि दोन माणसं, नोंद करून घ्या. क्लार्क भला माणूस. चहा सांगितला, कपाट उघडलं, बराच वेळ आत बघत उभा राहिला. मग विचारतो, "मामा, हे लिहू कुठल्या रजिस्टरात?"