पाचवा रकाना

"पेन बॅगेत ठेवता का? पेन्सिल हवी असेल तर आमच्याकडे आहे," काउंटरवरची मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणाली की राग यायलाही दोन मिनिटं लागली. पण आला. चाळिशी ओलांडलेल्या बाईच्या हातातून पेन काढून घेऊन तिला पहिलीतल्या पोरासारखी शिसपेन्सिल द्यायची म्हणजे काय!

जागा होती इंग्लंडातल्या चिपनमचं काउंटी रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे जिल्ह्याचा दप्तरखाना. आमच्या स्विंडनपासून आगगाडीने पाव तास. मी गेले होते ती ड्रायव्हर म्हणून. शेजारच्या बाईंनी ऐंशी ओलांडल्यावर गाडी चालवणं सोडलंय आणि त्यांना आपल्या खापरपणज्यांचा शोध घ्यायचा होता. (त्यांना पहिल्या नावाने हाक मारावी असा त्यांचाच आग्रह आहे. माझी जीभ अजून वळत नाही, त्यामुळे पाच वर्षं मी त्यांना कशानेच हाक मारत नाही. नुसतं 'हॅलो' म्हणते.) एक दिवस रजा टाकली, डब्यात धपाटे घेतले आणि निघालो. धपाटेसुद्धा लॉकरमध्ये गेले. कोट, पाण्याची बाटली, चघळायच्या गोळ्या, सगळंच.

आत गेल्यावर कळलं की शाईचा डाग जात नाही म्हणून पेन नको, आणि इंग्लंडातल्या बहुतेक काउंट्यांच्या दप्तरखान्यांत हाच नियम असतो. जुनी वही सपाट उघडायची नाही. दोन्ही बाजूंना स्पंजाच्या उतरत्या उशा लावून बाळंतिणीसारखी टेकवून ठेवायची. पान उलटू नये म्हणून त्यावर कापडात गुंडाळलेली शिशाची माळ. तिला ते 'साप' म्हणतात. मी मनातल्या मनात हसत होते. आमच्या वारसनोंदीचा फेरफार काढायला मी बाबांबरोबर एका तलाठी कार्यालयात गेले होते, ते आठवलं. तिथल्या रजिस्टरवर चहाच्या कपाचं गोल होतं आणि ते नेमकं माझ्या चुलत आजोबांच्या नावावर आलं होतं. गाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट नको वाटायला. शिवाय तलाठीभाऊ एकटे, सज्जात गावं चार, आणि बाहेर पीकविम्याची रांग. स्पंजाच्या उशा त्यांनी लावायच्या कधी?

तर बाईंच्या समोर एक गठ्ठा आला. चर्चच्या पेटीतले जुने कागद. पूर्वी या पेटीला तीन कुलपं असायची, एक किल्ली पाद्र्याकडे, बाकीच्या चर्चच्या कारभाऱ्यांकडे. म्हणजे सगळे जमल्याशिवाय पेटी उघडायची नाही. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद प्रत्येक चर्चने ठेवायची असा हुकूम १५३८ साली थॉमस क्रॉमवेलने काढला. आपल्याकडे तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्म व्हायलाही ९२ वर्षं होती. हे गणित मी तिथल्या तिथे केलं आणि थोडी खट्टू झाले.

बाईंना हवा होता तो कागद तळहाताएवढा नसेल. अठराव्या शतकाच्या शेवटची एक शेतमजूर मुलगी, लग्न न होता बाळंत झालेली. मुलाचा बाप अमुक अमुक, असा तिने शपथेवर दिलेला लेखी जबाब. खाली सहीच्या जागी एक फुली. ती फुली जरा तिरकी होती आणि दुसरी रेघ मारताना टाक अडखळला असावा, तिथे शाईचा थेंब साचलेला. बाईंनी त्या थेंबाजवळ बोट नेलं, लावलं नाही. "ही माझी," म्हणाल्या, आणि चक्क डोळे पुसले. आनंदाने!

मला सुचेना काय बोलावं. आमच्या घराण्याची वंशावळ बाबांच्या काकांनी जाड कागदावर झाड काढून लिहिली आहे. त्यात असली फांदी कधीच छाटली गेली असती. किंबहुना छाटलीच असेल, मला कुठे माहीत आहे.

पण म्हणून लगेच इंग्रजांचे गोडवे गायला नकोत. हे कागद प्रेमापोटी ठेवलेले नाहीत. १६६२ च्या कायद्याने गरिबाला पोसायची जबाबदारी त्याच्या 'स्वतःच्या' गावावर टाकली. मग प्रत्येक गाव दुसऱ्याचा भिकारी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून चौकशी करायचं. जन्म कुठला, नोकरी कुठे केली, नवरा कुठला. लग्नाविना गरोदर असलेल्या बाईची तर जास्तच. तिचं पोर इथे जन्मलं तर उद्या त्याला खायला आपण घालायचं! ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचीच सगळी हकीकत लिहून ठेवली गेली, ती अशी कवडीचुंबकपणातून. मी हे बाईंना जरा ठसक्यात सांगितलं. त्या म्हणाल्या, "हो ना! नशीब आमचं ते चिकट होते."

आणि आपल्याकडे काही नाही असं थोडंच आहे? मी तिथे पेन्सिल फिरवत त्यांना हेळव्यांबद्दल सांगितलं. आमच्या सांगलीकडे सुगीनंतर बैलावर बसून हेळवी यायचा आणि दारात उभा राहून घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचा. सुपातून धान्य घ्यायचा आणि नवीन जन्मलेलं पोर आपल्या नोंदीत घालून पुढे जायचा. लॉकर नाही, ओळखपत्र नाही, दप्तरखानाच तुमच्या दारात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत, आडनाव आणि गाव सांगितलं की आजोबांची सही समोर. हरिद्वारच्या पंड्यांच्या बह्यांची तर अमेरिकेतल्या युटाच्या, वंशावळी गोळा करणाऱ्या मॉर्मन पंथाच्या लोकांनी मायक्रोफिल्म करून नेली. म्हणजे असेल ना त्यांत काहीतरी! बाई खूप कौतुकाने ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "त्यात तुझं नाव आहे का?"

नाही. माझ्या भावाचं आहे.

परत येताना गाडीत मी बराच वेळ विषय बदलत राहिले. स्विंडनमधल्या गोंयकारांचं सांगितलं. इथे ते पुष्कळ आहेत. २०२० अखेरपर्यंत, ब्रेक्झिटने वाट बंद होईतो, त्यांची रीत अशी: १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आजोबांची जन्मनोंद शोधायची, ती लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत घालायची आणि त्या आधारावर पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इकडे यायचं. त्यांच्यासाठी वंशावळ म्हणजे हौस नव्हती, नोकरीचा परवाना होता. आपल्याकडेही २०२३ मध्ये शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींसाठी कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या, बाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. माझा मावसभाऊ तीन महिने त्यातच होता. तेव्हा मी त्याला 'कशाला उकरतोस' म्हटलं होतं. आता वाटतं, निदान तो उकरत तरी होता.

घरी आल्यावर बाईंनी चहाबरोबर आपल्या आजीच्या जन्मदाखल्याची नक्कल दाखवली. आडवा लांब कागद, रकाने आखलेले. १ जुलै १८३७ पासून इथे सरकारी जन्मनोंद सुरू झाली, तेव्हापासूनचा हा साचा. पहिल्या रकान्यात कधी, कुठे. मग नाव, मग मुलगा की मुलगी. चौथ्यात बापाचं नाव. आणि पाचव्या रकान्यात आईचं नाव, तिचं आत्ताचं आडनाव आणि माहेरचं आडनाव. त्या एका रकान्यामुळे बाई आईकडून तिच्या आईकडे, तिथून तिच्या आईकडे अशा चढत गेल्या होत्या.

मी वर आले आणि मुकाट्याने मोजायला बसले. आई. आजी. आजीचं माहेरचं नाव माहीत आहे, लग्नातच बदललं, तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून. पणजी? 'लक्ष्मी' हे सासरी ठेवलेलं. त्याआधी पंधरा-सोळा वर्षं तिला घरात काय म्हणून हाक मारत होते, ते मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. इंग्रजांच्या बाईचं निदान आडनावच बदलायचं. आपण पाळण्यातलं नावही ठेवलं नाही.

भारतात रात्रीचे साडेदहा झाले होते तरी मावशीला फोन लावला. "झोपली होतीस का गं?"

"तू फोन केल्यावर कोण झोपतंय? काय झालं? पोरं बरी आहेत ना?"

विचारलं. बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाली, "आईला ठाऊक असणार, पण ती गेली की गं. आम्ही आजीला आक्काच म्हणायचो. थांब, माळ्यावर तिच्या रुखवताचं घंगाळ आहे. त्यावर घातलंय काहीतरी."

मी म्हटलं उद्या बघ. पण मावशी म्हणजे मावशी. अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर फोटो आले, स्टुलावर चढून टॉर्च मारून काढलेले. तांब्याचं घंगाळ, काठाशी टिंबांटिंबांनी कोरलेली अक्षरं, आपल्या प्रत्येक भांड्यावर असतात तशी. 'चि. सौ. कां.' स्वच्छ वाचता येतं. शेवटी 'मामाकडून' हेही. मधलं नाव मात्र ऐंशी-नव्वद वर्षं चिंचेने आणि राखेने घासून घासून गेलंय. पहिलं अक्षर 'का' किंवा 'फा', आणि त्यापुढे एक उभी रेघ.

मावशी उद्या ते चिंच न लावता, नुसत्या कोमट पाण्याने पुसून उन्हात नेणार आहे. वरून पीठ भुरभुरवलं की टिंबं दिसतात म्हणे. मी तिला सांगितलं, पेन लावू नकोस, पेन्सिल घे.

"पेन्सिल कशाला?" म्हणाली.