अस्सल नक्कल

आमच्या चांदूर बाजार तालुक्यात निन्टेंडो या जपानी कंपनीचे व्हिडिओ गेमचे यंत्र प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. तिच्या खेळातल्या मारिओला ओळखत नाही असा माझ्या वयाचा माणूसही क्वचितच भेटतो. आंबिया बहाराची संत्र्याची बाग व्यापाऱ्याला देऊन झाली आणि पैसे हाती आले की एखाद्या घरी अमरावतीहून किंवा परतवाड्याहून ‘टीव्ही गेम’ येई, आणि पुढचे काही महिने त्या घरच्या पोराची गावातली प्रतिष्ठा सरपंचाच्या बरोबरीची असे. ज्यांच्याकडे बाग नव्हती त्यांच्यासाठी बहिरमची यात्रा होती. सातपुड्याच्या पायथ्याशी डिसेंबरच्या अखेरीपासून महिनाभराहून अधिक काळ चालणाऱ्या त्या यात्रेत मोठी माणसे हंडीतले मटण आणि रोडगे यांच्यामागे असताना पोरे खेळण्यांच्या दुकानांत या गेमच्या कॅसेटी उलटसुलट करून पाहत. या साऱ्या व्यवहारात मूळ कंपनीचा एक स्क्रूदेखील नव्हता. जे होते ते सगळे नकली होते आणि आज मी जमवतो ते हेच नकली सामान.

जुने व्हिडिओ गेम जमवणाऱ्यांच्या जगात ही जरा खालच्या दर्जाची आवड समजली जाते. तिथे मान असतो तो पांढऱ्या-तांबड्या जपानी यंत्राला, न फाटलेल्या खोक्याला आणि पुस्तिकेसह मिळालेल्या कॅसेटला. माझ्या कपाटात यातले काहीच नाही आणि ते नसण्याचे कारण केवळ खिसा हे नाही. जे यंत्र माझ्या गावात कधी आलेच नाही, त्याच्याविषयी मला कुतूहल आहे, आदरही आहे. पण आठवण नाही. उसन्या आठवणीसाठी एवढे पैसे मोजणे मला पटत नाही.

मूळ यंत्राचा आदर वाटण्याजोगी गोष्ट त्याच्या आराखड्यात आहे. निन्टेंडोचे अभियंते मासायुकी उएमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला फॅमिकॉम, म्हणजे फॅमिली कॉम्प्युटर, १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आला. त्याची कामाची मेमरी अवघी २ किलोबाइट होती आणि त्याचा मेंदू म्हणजे रिको कंपनीने बनवलेली चिप होती. गंमत अशी की ती चिपही पूर्णपणे स्वतंत्र नव्हती. ६५०२ या प्रसिद्ध अमेरिकी प्रोसेसरवर ती बेतलेली होती आणि त्या मूळ प्रोसेसरमधली दशमान आकडेमोडीची सोय तेवढी तिच्यात बंद ठेवलेली होती. तेव्हा अस्सलपणाची वंशावळ फार मागे नेऊ लागलो, तर अस्सलाच्या घरीही थोडा उसनवारीचा कारभार निघतो.

१९८५ मध्ये हेच यंत्र नवे रूप घेऊन अमेरिकेत गेले, तेव्हा कंपनीने यंत्रात आणि कॅसेटमध्ये एकेक कुलपाची चिप बसवली. दोन्ही चिपांची एकमेकींशी खूण पटली नाही, तर खेळ सुरूच होत नसे. जपानी यंत्राला मात्र असे कुलूप कधीच नव्हते. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच बिनकुलपाचे घर निवडले, म्हणून आपल्याकडच्या कॅसेटी अमेरिकी ७२ पिनांच्या नसून जपानी ६० पिनांच्या असतात. तैवानच्या यूएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीने यंत्रातल्या दोन मुख्य चिपांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्यांच्या बळावर निरनिराळ्या नावांची यंत्रे जगभर पसरली. रशियात ते डेंडी झाले, पोलंडमध्ये पेगासस झाले. मॉस्कोतला पोरगा आणि करजगावचा पोरगा एकाच खोट्या यंत्रावर एकाच वेळी कासवे तुडवीत होते आणि मूळ मालकाला त्यातला छदामही मिळत नव्हता. कंपनीवर हा अन्याय होता, हे मी नाकारत नाही. मात्र तिचे यंत्र आमच्या तालुक्यात विकायला कोणी आलेच नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

खरी मौज त्या नकलांच्या उणिवांत आहे, कारण त्या उणिवाच आमच्या पिढीच्या कानांत आणि डोळ्यांत मुरल्या आहेत. जपानी टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढतो, आपला पाल या प्रसारण पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. या खेळांचे सारे गणित चित्रागणिक चालत असल्यामुळे आपल्याकडच्या पाल यंत्रांवर मारिओ जपानमधल्यापेक्षा सुमारे सहाव्या हिश्शाने संथ धावतो आणि त्याचे संगीतही तेवढेच रेंगाळते. शिवाय काही नकली चिपांमध्ये ध्वनीच्या लहरींची दोन रूपे एकमेकांच्या जागी बसली आहेत. सूर तोच राहतो, पण आवाजाचा पोत बदलतो. जिथे भरीव स्वर हवा तिथे अनुनासिक उमटतो आणि जिथे अनुनासिक हवा तिथे भरीव. मूळ यंत्रावरचे संगीत मी प्रथम ऐकले ते पुष्कळ उशिरा, एका ध्वनिमुद्रणात, आणि ते मला घाईचे व सर्दी झाल्यासारखे वाटले. जाणकार मंडळी याला बिघडलेला कान म्हणतील. खुशाल म्हणोत.

डोळ्यांचेही तसेच. त्या काळी गावातल्या बहुतेक घरांत टीव्ही कृष्णधवल होता. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ चा खेळ अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे. आज मोबाइलवर येणारे एक शुभ-प्रभातचे चित्रही त्याहून जड असते. एवढ्या थोड्या जागेत भागवायचे म्हणून रचनाकारांनी ढग आणि झुडूप यांच्यासाठी एकच आकृती वापरली. वर पांढरी रंगवली की ढग, खाली हिरवी रंगवली की झुडूप. रंगीत टीव्हीवर खेळलेल्यांना ही युक्ती कुठेतरी वाचून कळते आणि मोठे आश्चर्य वाटते. कृष्णधवल टीव्हीसमोर बसलेल्या पोराला ती पहिल्याच दिवशी दिसत होती, कारण त्याच्यापुढे ढग आणि झुडूप यांत जागेखेरीज आणि थोड्या उजळपणाखेरीज फरकच उरला नव्हता. गरिबीचे असे फायदे फार नसतात, म्हणून हा नोंदवून ठेवतो.

कॅसेटीवरच्या आकड्यांबद्दल मात्र मला आजही राग आहे, आणि थोडे कौतुकही. ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटमध्ये प्रत्यक्षात मूठभर खेळ असत आणि तेच पुन्हा पुन्हा यादीत येत. परंतु ही पुनरावृत्ती अगदीच आंधळी नव्हती. यादी दाखवणारा छोटा प्रोग्राम खेळ सुरू करण्याआधी अनेकदा मेमरीत टप्प्याचा किंवा जिवांचा आकडा भरून ठेवी. त्यामुळे एका क्रमांकावरचा काँट्रा हा गोळीबाराचा खेळ पहिल्या टप्प्यापासून तीन जिवांनिशी सुरू होई आणि दुसऱ्या क्रमांकावरचा पुढच्या टप्प्यापासून तीस जिवांनिशी. कोणत्या क्रमांकावर काय दडले आहे याचे ज्ञान हे गावातले खरे धन होते. ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेले असे आणि बदल्यात काही मिळाल्याशिवाय कोणी सांगत नसे. रणगाड्यांच्या ‘बॅटल सिटी’ या खेळात विटा आणि पाणी मनासारखे मांडून स्वतःचे मैदान रचण्याची सोय होती. आमच्या गल्लीतल्या एका मुलाने पाटाच्या पाण्यासह आपल्या शेताचा नकाशा तिथे मांडल्याचे मला स्पष्ट आठवते. आता तो पाटबंधाऱ्याच्या कामांवर ठेकेदार आहे, हा निव्वळ योगायोग समजावा.

त्याने रचलेले ते शेत टिकणे शक्यच नव्हते. अमेरिकेत काही कॅसेटींत छोटी बॅटरी असे आणि खेळाची प्रगती तिच्या आधाराने जपली जाई. आपल्याकडच्या स्वस्त कॅसेटींत तसले काही नव्हते. यंत्र बंद झाले की त्या २ किलोबाइटमधले सारे कर्तृत्व नाहीसे होई. त्यात आमच्या भागातली वीज. २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन इतके कडक होते की पोरांनी त्याचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाहून चोख पाठ केले होते. मारिओच्या सातव्या जगाच्या दारात उभे असताना स्वयंपाकघरातून हाक येई, “पोट्टेहो, लाइन जाईन आता, जेवून घ्या लवकर,” आणि बहुधा ‘लवकर’ या शब्दाआधीच लाइन गेलेली असे. आज फोनवर हे सारे खेळ फुकट मिळतात आणि हव्या त्या क्षणी थांबवून जपता येतात. ही सोय उत्तम आहे; मीही ती वापरतो. तथापि जो खेळ हरवू शकतच नाही, तो मी अर्ध्यावर सोडून देतो, असा माझा अनुभव आहे.

जमवण्याचे काम आमच्याकडे बाजारापेक्षा नात्यागोत्यांतून अधिक चालते. लग्न-तेरवीला गेलो की जेवणानंतर मी हळूच माळ्याची चौकशी करतो. आत्याच्या घरी तुरीच्या कट्ट्यांमागून असेच एक यंत्र निघाले, तेव्हा तिने ते पदराने पुसून दिले आणि विचारले, “हा कचरा कायले नेतं रे बापू? तुह्या घरी का कमी हाय?” ते यंत्र कीबोर्डाचे होते. पोरगा संगणक शिकेल या आशेने अनेक बापांनी असले यंत्र घेतले होते, कारण त्यासोबत टायपिंगची आणि बेसिक या संगणकाच्या भाषेची कॅसेट येई. पोरगा मात्र त्यावर बदकेच मारत बसे. बदके मारायच्या त्या बंदुकीला जुना, काचेच्या नळीचा टीव्हीच लागतो. घोडा दाबताच पडदा क्षणभर काळा होतो, लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीच्या नळीतला प्रकाशग्राहक तो उजेड टिपतो. म्हणजे गोळी बंदुकीतून सुटत नाही, उलट टीव्हीकडून बंदुकीकडे येते. हल्लीचे सपाट टीव्ही चित्र दाखवण्याआधी त्यावर संस्कार करण्यात वेळ घालवतात, तोवर हा क्षण निघून गेलेला असतो. म्हणून मी भंगारवाल्याकडून जुने टीव्हीही आणतो. ते जड आहेत आणि त्यांनी धान्याची खोली अडवली आहे. त्यावरून घरात जे बोलले जाते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

दुरुस्तीच्या दृष्टीने नकलांतही दोन जाती आहेत आणि त्या मी कटाक्षाने वेगळ्या मानतो. जुन्या यंत्रांत प्रोसेसर आणि चित्राची चिप अशा ४०-४० पायांच्या दोन स्वतंत्र चिपा असतात. एखादी गेली तर दुसऱ्या मेलेल्या यंत्रातून काढून बसवता येते. नंतरच्या स्वस्त यंत्रांत सगळा संसार एकाच चिपेत कोंबून वर काळ्या रसायनाचा थेंब ओतलेला असतो. तो थेंब गेला की यंत्र गेले. पॉलीस्टेशन नावाचे एक यंत्र याच जातीतले. बाहेरून हुबेहूब सोनीचे प्लेस्टेशन, पण सीडीचे झाकण उघडावे तर आत कॅसेटची खाच. अशी यंत्रे मी रिमोटसाठी आणि त्यातल्या बटणांखालच्या रबरांसाठी ठेवतो. बाकी बहुतेक आजार कॅसेटीच्या तांबड्या पट्ट्यांचे असतात. गावोगाव त्यांवर फुंकर मारण्याची रीत आहे; तोंडातल्या ओलाव्याने त्या पट्ट्या पुढे अधिकच खराब होतात. स्पिरिटचा बोळा किंवा साधे खोडरबर पुरते.

मागच्या हिवाळ्यात परतवाड्यातल्या एका जुन्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात असेच एक पिवळे पडलेले यंत्र दिसले. किंमत ऐकून मी भुवया उंचावल्या, तेव्हा दुकानदाराने ते दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढे धरले आणि अत्यंत गंभीरपणे म्हटले, “भाऊ, हा ओरिजनल डुप्लिकेट हाय. आताचा चायना नाई.” मी त्याचाच स्क्रूड्रायव्हर मागून घेऊन काउंटरवर यंत्र उघडले. आत दोन लांब चिपा शेजारी शेजारी होत्या. एकीवर यूए ६५२७ पी आणि दुसरीवर यूए ६५३८ असे क्रमांक, दोन्ही तैवानच्या, थेंब कुठेही नाही. माणूस अक्षरशः खरे बोलत होता. मी घासाघीस न करता सांगितलेली रक्कम काढून दिली. त्यासरशी त्याच्या चेहऱ्यावर आपण स्वस्तात दिल्याची शंका उमटली आणि त्याने सोबतचा अडॅप्टर शांतपणे परत खणात ठेवून त्याचे वेगळे पैसे पडतील, असे मला सांगितले.